डावा हात मागे राहतो

काल रात्री दीड वाजता बँडच्या ग्रुपवर ड्रम्सचा ट्रॅक टाकला आणि सकाळी उठून पाहतो तर तीन उत्तरं. बेसवाला: "मध्ये कोण बोललंय?" कीबोर्डवाली: "मेले हसून, काका!!" गिटारवाला: "ते 'हां, आत्ता!' लय भारी, ठेव." संपलं. ड्रम्सबद्दल एक अक्षर नाही. तीन रविवार कोणी घालवले, घामाने कोणाचा टी-शर्ट पिळून निघाला, कोणाच्या बायकोने माहेरी जायची तारीख अलीकडे ओढली, काही नाही. काका भारी.

तर झालं असं. स्टुडिओ तासावर पैसे घेतो, आणि ड्रम्सचे नुसते माइक लावून होईपर्यंत आमचं बजेट संपतं. म्हणून ठरलं की ड्रम्स मी घरी रेकॉर्ड करायचे. घर म्हणजे कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय अकराची बेडरूम. स्टुडिओत ड्रमसेटला आठ-दहा माइक लावतात, माझ्या सेकंडहँड इंटरफेसला, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायच्या डब्याला, भोकं दोन. सोसायटीने वेळ दिली रविवारी अकरा ते एक, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचे कुकर ज्या वेळात शिट्ट्या मारतात नेमकी तीच. माझ्या पहिल्या चार टेक्समध्ये मी कमी आणि वरणभात जास्त आहे.

अंड्याच्या ट्रेंचं पण सांगून टाकतो. कोणीतरी म्हणालं भिंतीला लाव, आवाज बाहेर जात नाही. मी कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडून चाळीस ट्रे आणले. पुठ्ठ्याने आवाज अडत नाही हो, आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, पुठ्ठा फार तर खोलीतला किणकिणाट जरासा इकडेतिकडे करतो. हे मला चाळीस ट्रे चिकटवून झाल्यावर कळलं. दरम्यान समोरच्या काकूंनी लिफ्टमध्ये माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका, त्यांच्या हिशेबाने आमच्या घरात एका आठवड्यात बाराशे अंडी खाल्ली गेली होती.

मग माळ्यावरून गाद्या काढल्या. दोन भिंतींना दोन गाद्या टेकवल्या आणि आईच्या हातची गोधडी बावीस इंची किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात कोंबली. (आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी पांघरतो.)

दोन माइकमध्ये अख्खा सेट पकडायची एक पद्धत आहे, रेकॉर्डरमॅन म्हणतात तिला. एक माइक स्नेअरच्या, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमच्या, बरोबर वर, दोन काठ्या एकापुढे एक धरल्या तर होईल तेवढ्या उंचीवर, आणि दुसरा तुमच्या उजव्या खांद्यावरून खाली बघणारा. ग्यानबाची मेख अशी की स्नेअरपासून दोन्ही माइक सारख्याच अंतरावर हवेत, आणि किकपासूनही. आवाज एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटीमीटर जातो, त्यामुळे एक माइक जरी जवळ-लांब झाला की तोच ठोका दुसऱ्यात उशिरा पोचतो, दोन्ही एकत्र केले की एकमेकांना खातात आणि स्नेअरचा पत्र्याचा डबा होतो. हे अंतर दोरीने मोजतात. दोरीचं एक टोक स्नेअरवर, दुसरं किकवर, आणि मधला भाग ताणून माइकपर्यंत. म्हणजे हात लागतात तीन, आणि माइकचा स्टँड सरकवायला चौथा. मी पायजम्याची नाडी काढून, एक टोक पायाच्या अंगठ्यात, एक टोक दातात धरून उभा होतो तेव्हा बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे काका. रिटायर्ड ऑडिटर. हातात घडी घातलेला पेपर.

म्हटलं झालं, आलं बोलावणं. मी लगेच, "सॉरी काका, एकपर्यंतच आहे, सोसायटीची परवानगी..."

"आवाजाचं नाही रे," काका आत येत म्हणाले. "तू थांबतोस का?"

"म्हणजे?"

"छान चाललेलं असतं तुझं. मग ते धडाडधडाड येतं आणि तू थांबतोस. परत पहिल्यापासून. परत धडाडधडाड, परत थांबला. अरे आम्ही खाली वाट बघत बसतो. हिच्या हातात लाटणं तसंच राहतं. सतरा वेळा."

मी म्हटलं, एवढं नसेल काका. तर त्यांनी पेपर उलगडला. शब्दकोड्याच्या शेजारी, समासात, बॉलपेनने चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरपी, असे तीन गठ्ठे आणि वर दोन सुट्या. सतरा. खाली दोनदा अधोरेखित.

"आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी," काका म्हणाले. "तुझा डावा हात मागे राहतो."

आता हे खरं आहे. ध्रुवपदाच्या आधीच्या फिलमध्ये, म्हणजे त्या धडाडधडाडमध्ये, माझा डावा हात मागे राहतो, तीन वर्षं राहतोय, बँडमध्ये सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही. आणि हे काका, स्लॅबच्या पलीकडून, गवार निवडता निवडता! मी विचारलं, काका तुम्ही तबला वगैरे? तर म्हणाले, "छे. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या. कुठे चुकतंय ते कळतं, बरोबर कसं करायचं ते आपलं काम नाही."

मग त्यांची नजर नाडीकडे गेली. मी दोरीचं प्रकरण समजावलं. काका म्हणाले, "म्हणजे दोघं जण एकच बातमी सांगतायत पण एक जण जरा मागून, आणि शेवटी कोणाचंच ऐकू येत नाही. म्हणजे आपली वार्षिक सभा." आणि खाली जाऊन स्टीलची मोजपट्टी घेऊन आले. नाडी ताणते म्हणाले, पुरावा म्हणून चालणार नाही. मग पाऊण तास मोजणी. मी ऐंशी म्हणालो की ते चष्मा वर करून "अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच." मधेच, "या दोन मायकांचे किती झाले?" मी आकडा निम्मा करून सांगितला, तरी ते खाली बसले. "माझा नातू मोबाइलवर बोटांनी वाजवतो की रे. फुकट. आवाजपण नाही."

हे वाक्य मला आतापर्यंत भावाने, सासऱ्यांनी, इंटरफेस विकणाऱ्या माणसाने आणि एकदा आमच्याच कीबोर्डवालीने ऐकवलंय. कोणी सतारवाल्याला विचारतं का, की ॲपवर वाजव? ड्रमवाल्यालाच. कारण ड्रम्स म्हणजे आवाज, आणि आवाज काय कशाचाही होतो. आणि आवाजाचंच म्हणाल तर कायद्यात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, माझा सेट हात मोकळा सोडला की शंभरच्या पुढे जातो, मी गुन्हेगार आहे, कबूल. पण गणपतीच्या आधी दोन-दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्राच्या बाजूने पन्नास ढोल आणि वीस ताशे एकदम सुरू होतात तेव्हा आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीत मांडीवर ताल धरतात. धरावाच, मीही धरतो, भारी वाजवतात पोरं. फक्त मग रविवारी दोन तासांच्या माझ्या एकट्या स्नेअरसाठी लेखी अर्ज, त्यावर तीन सह्या, आणि "अपवादात्मक बाब म्हणून" असा शेरा, हे काय आहे? तो कागद मी ठेवलाय जपून.

असो. तर मोजणी झाली, मी बसलो, क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) सुरू केलं आणि मागची गादी घसरली. परत लावली, परत घसरली. पावणेएक. काका उठले, दोन्ही हात पसरून गादीला पाठ लावून उभे राहिले, एखादा मोर्चा अडवल्यासारखे, आणि म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं. आणि काय सांगू, पाठीमागे ऑडिटर उभा असला की डावा हात वेळेवर येतो. फिल आलं, स्वच्छ निघालं, क्रॅशवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, पडलो. आता त्या क्रॅशनंतर आमच्या गाण्यात दोन बीट पूर्ण शांतता आहे. मी भांडून ठेवून घेतलेली ती जागा आहे, गिटारवाल्याला तिथे काहीतरी टुणटुणायचं होतं, मी नाही म्हटलं. त्या शांततेत, माझ्या उजव्या खांद्यावरच्या माइकपासून हातभर अंतरावर, काका म्हणाले: "हां, आत्ता!"

मी थांबलो नाही. गाणं शेवटपर्यंत नेलं. एक वाजला. खालून काकूंनी हाक मारली, काका पट्टी गुंडाळून जेवायला गेले.

तेव्हापासून मी लॅपटॉपसमोर आहे. काकांना कापलं की क्रॅशची शेपूटही कापली जाते आणि गाणं लाइट गेल्यासारखं थांबतं. आवाज नुसता बारीक करावा तर झांज भुसभुशीत होते आणि काका तरीही कळतातच, फक्त बाथरूममधून बोलल्यासारखे. स्टुडिओत असतो तर दहा माइकमधला एक बंद केला असता, इथे दोनच, आणि काका दोन्हीत आहेत. एकात थोडे उशिरा. दुसऱ्या टेकमधून तेवढा तुकडा उचलून चिकटवावा, तर दुसरा कुठलाच टेक तिथपर्यंत पोचलेला नाही. सतरा वेळा. लेखी नोंद आहे.

आत्ता हे लिहिता लिहिता गिटारवाल्याचा परत मेसेज आला. मला वाटलं, निदान आता फिलबद्दल काहीतरी असेल.

"काका जरा वर घे ना. ड्रम्समध्ये दबतायत."