माळशेजला धुकं फुकट असतं

स्वित्झर्लंडला जाऊन आलेली माणसं निसर्गाबद्दल जे बोलतात, ते सगळंच खरं धरू नये. बर्फ, तळी, गाई हे सगळं तिथे आहे, पण ते दोन गुणाकारांच्या मधल्या मोकळ्या वेळात दिसतं. एका स्विस फ्रँकला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात, आणि शंभराने गुणणं इतकं सोपं की ते टाळताच येत नाही. डॉलर परवडला. त्याच्या वेड्यावाकड्या आकड्याने गुणायचं म्हटलं की माणूस कंटाळतो आणि मुकाट कॉफी पिऊन टाकतो. इथे पाच फ्रँकची कॉफी समोर आली की कपावर दोन शून्यं तरंगायला लागतात आणि ती बघण्यात कॉफी निवते.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, बायकोची ताई आणि ताईचे यजमान, म्हणजे माझे साडूभाऊ. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे खजिनदारपद निवडणुकीशिवाय त्यांच्याकडे गेलं. बायकोने सुरक्षा खातं घेतलं. ताई कुठलंही खातं न घेता सर्वांवर होत्या, आणि मी सामान उचललं. मुक्काम इंटरलाकेनला होता. आल्प्समध्ये ही दोन खाती एकत्र नांदत नाहीत, हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. पैसे वाचवायचा प्रत्येक उपाय चालण्यापाशी जाऊन थांबतो, आणि सुरक्षेचा प्रत्येक सल्ला तिकिटाच्या खिडकीपाशी.

भांडणाची सुरुवात खरं तर ठाण्यातच झाली होती. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि त्यात मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. साडूभाऊ पॉलिसी भिंगाने वाचत होते, ते या कलमापाशी अडले.

"परतीचं तिकीट आपण आधीच काढलंय," ते म्हणाले. "मग हे डबल कशाला?"

एजंटने चहाचा कप खाली ठेवला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

बायकोचा प्रश्न निराळा होता. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलायची वेळ आली तर ते पैसे मिळणार का, आणि किती उंचीपर्यंत? स्वित्झर्लंडमध्ये ही सुटका फुकट नसते, बिल काही हजार फ्रँकांचं येतं. कित्येक पॉलिसींमध्ये डोंगरातल्या चालण्याला उंचीची मर्यादा घातलेली असते आणि ती शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. तिने ते एजंटकडून मेलवर लिहून घेतलं. शिवाय चौघांच्या फोनमध्ये 1414 हा नंबर घातला. तो रेगाचा, म्हणजे तिथल्या हवाई बचाव संस्थेचा. साडूभाऊंनी तो नंबर 'खर्च' या नावाने सेव्ह केला.

त्यांनी स्वतः मात्र तीन आठवडे एकाच कोड्यावर घालवले होते: स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचा की हाफ फेअर कार्ड. पासवर रेल्वे, बस, बोटी सगळं चालतं, पण युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला, जाताना ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांच्या वर पासवाल्याला फक्त 25 टक्के सूट. कार्डवाल्याला थेट निम्मी. डोंगरच चढायचे असतील तर कार्ड, गावं पालथी घालायची असतील तर पास, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो बरोबर होता. त्रास एवढाच की तो त्यांनी विमानात, गाडीत आणि हॉटेलच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी कोरियन जोडप्याला सांगितला.

खाण्याचं बजेट ताईंनी बॅगेतूनच आणलं होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, उपम्याची पाकिटं. उरलंसुरलं मिग्रोस आणि कोऑप या दुकानांतून. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी ब्रेडवर, सॅलडवर सवलतीची स्टिकरं लावतात. साडूभाऊ त्या स्टिकरवाल्या मुलीच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून फिरत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात हे त्यांनी ठाण्यातच टिपलं होतं, म्हणून शनिवारी आमच्या खोलीत चार दिवसांची केळी जमली. पाणी विकत घ्यायला तर त्यांनी साफ बंदी घातली. गावोगावी दगडी हौदात नळ वाहत असतो, पाणी गार आणि उत्तम, फक्त पाटीवर 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेलं नसलं पाहिजे. ते लिहिलं असेल तर पिऊ नये. बायकोने हे दोन शब्द आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतले.

मग आलं युंगफ्राउयोख. युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, 3,454 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवून वर आणखी थोडं. इंटरलाकेनहून जाण्यायेण्याचं पूर्ण तिकीट हंगामात दोनशे फ्रँकच्या वर, आणि वर ढग असले तर तेवढ्या पैशात पांढरी भिंत बघून परत यायचं. मात्र शिखरावर कॅमेरे बसवलेले आहेत, त्यांचं चित्र फोनवर दिसतं आणि हॉटेलच्या टीव्हीवरही चालू असतं. ते बघूनच तिकीट काढावं. यावर दोन्ही खात्यांचं एकमत झालं, सबंध सहलीत एकदाच.

पहिल्या सकाळी पडद्यावर धुकं. दुसऱ्या सकाळीही धुकं. ताई म्हणाल्या, "जाऊन तर बघू, उघडेल कदाचित."

"अगं, दोनशे फ्रँक देऊन धुकं?" साडूभाऊ उभे राहिले. "माळशेजला धुकं फुकट असतं!"

तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख निघालं. गाडी आयगर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर जाते. 1896 मध्ये सुरू झालेलं हे काम 1912 पर्यंत चाललं, आणि वेळ आणि पैसा दोन्ही अंदाजाच्या बरेच पुढे गेले. हे ऐकून साडूभाऊंच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. स्विस लोकांचंही बजेट कोसळतं तर!

वर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या मानाने दाब साधारण दोनतृतीयांश. सावकाश चाला, पाणी प्या, डोकं दुखायला लागलं तर पुढची गाडी पकडून खाली, असं बायकोने गाडीतच बजावलं होतं. ताईंनी बर्फ पाहताच जिन्यावर धाव घेतली आणि दहाव्या पायरीवर कठड्याला धरून, कुणी विचारलेलं नसताना, "मी फोटोसाठी थांबलेय" असं जाहीर केलं. उन्हाची मलम साडूभाऊंनी नाकारली. "एवढ्या थंडीत ऊन कसलं?" उंची वाढते तशी अतिनील किरणंही वाढतात आणि बर्फावरून परत तोंडावर येतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाक ग्रिंडेलवाल्डच्या गाडीतून सर्वांच्या आधी उतरलं.

खरी लढाई उतरताना झाली. क्लायना शायडेग हे वाटेतलं स्टेशन 2,061 मीटरवर आणि ग्रिंडेलवाल्ड 1,034 वर. चालत उतरलं तर गाडीचं भाडं वाचतं, असा एक दिवस साडूभाऊंनी वेगळा राखून ठेवला होता. हजार मीटर उतरायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. चढताना फक्त दम लागतो, उतरताना हिशोब होतो. बायकोने तडजोड काढली: आधी मॅनलिखेनपर्यंत केबल कारने जायचं, तिथून शायडेगपर्यंतची सपाटीची वाट चालायची, आणि तिथून खाली मुकाट्याने गाडी. शेवटची गाडी कितीची, ते आधी बघायचं. वाट पिवळ्या पाट्यांची हवी. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्याची असेल तर चांगले बूट आणि पक्का पाय हवा. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की मागे फिरायचं. साडूभाऊंना नकाशावर एक जवळचा रस्ता सापडला होता, दीड स्टेशन वाचवणारा. तो निळाच निघाला.

पाटीवर दीड तास लिहिलं होतं. त्या पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, फोटो नाहीत, आणि ताई तर नाहीतच. वाटेत कुरणात गाई होत्या, गळ्यात ही मोठी घंटा, आणि एकीजवळ वासरू. ताईंनी चप्पल काढण्याइतक्या भक्तीने बुटाची नाडी सोडली आणि हात जोडून पुढे निघाल्या.

"ताई, मागे ये! वासराची आई अंगावर येते!"

"गोमाता आहे ती."

"त्या वासराची माता आहे ती. तुझी नाही."

गाईने मान वर करून ताईंकडे बघितलं. चघळणं थांबलं. घंटा वाजायची थांबली, ती शांतता मला अजिबात आवडली नाही. ताई एका नाडीवर मागे आल्या, आणि आम्ही लांबून वळसा घालून निघालो. पुढचा अर्धा तास गाईला परदेशात संस्कार कमी पडतात, या विषयावर गेला.

आदल्या रात्री बायकोने संकटाच्या खुणा शिकवल्या होत्या. मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा हाक, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. ताई म्हणाल्या, "सहा हाका मारून मी घरीसुद्धा थांबते, तीन सोडा, एकदाही उत्तर येत नाही." साडूभाऊ तेव्हा हिशोब लिहीत होते, त्यांनी ऐकलं नाही. हेलिकॉप्टरसाठी वेगळी खूण असते: दोन्ही हात वर, तिरके, म्हणजे 'हो, मदत हवी.' एक हात वर आणि एक खाली, म्हणजे 'नको.'

तर शायडेग नजरेत आलेलं असताना दरीतून हेलिकॉप्टर वर आलं. खाली दोरीला कसलंतरी गाठोडं लटकलेलं, वरच्या कुठल्याशा बांधकामाला माल नेत असावं. ताई हरखल्या. त्यांनी दोन्ही हात वर करून टाटा केला.

"हात खाली!" बायको किंचाळली. ताईंनी दोन्ही खाली केले. "दोन्ही नाही, एक! एक वर ठेव!" ताईंनी पुन्हा दोन्ही वर केले. तेवढ्यात साडूभाऊ पुढे धावले, एक हात आभाळाकडे आणि एक जमिनीकडे ताणून, लावणीतल्या नाच्यासारखे, लाल नाकानिशी, पायवाटेच्या मधोमध उभे राहिले. "नको! नको! नो!" ते मराठीत आणि इंग्रजीत ओरडत होते. मागून येणारं एक जर्मन कुटुंब थांबलं. त्यातल्या लहान मुलाने त्यांचं बघून तस्साच हात केला. मग त्याच्या बापाने.

हेलिकॉप्टर आमच्याकडे न बघता निघून गेलं. साडूभाऊंनी हात खाली घेतला, दम खाल्ला, खिशातून वही काढली आणि त्या दिवसाच्या पानावर केबल कारच्या खाली लिहिलं: हेलिकॉप्टर, 0.00.