गटविम्यात जोडीदार हवाच. मुलांचे मात्र वेगळे पाहावे

कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेल्या, मुदतीत मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या गट मुदत विम्याचे नूतनीकरण जवळ आले असल्याने, कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला आणि आश्रित मुलांनाही त्यात सामावून घ्यावे, अशी मागणी आमच्या चाकणच्या कारखान्यात पुढे आली आहे. जोडीदारापुरता माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

"वहिनी कमावत नाहीत, मग त्यांचा विमा कशाला?" असे एकाने विचारले. वारज्याला राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याची पत्नी गेली, तेव्हा पोळ्यांच्या बाई, पाळणाघर, शाळेची व्हॅन, वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा, असे एकेक खर्च त्याच्या पगारावर येऊन पडले आणि रात्रपाळी सोडावी लागल्याने त्या पाळीचा भत्ताही बुडाला. विमा त्याच्या एकट्याच्या जिवाचा असल्याने त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. भविष्य निर्वाह निधीबरोबर येणारी १९७६ची ईडीएलआय (कर्मचारी ठेव संलग्न विमा) योजनासुद्धा, जिची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे, सदस्याच्याच मृत्यूनंतर लागू होते.

मुलांचे तसे नाही. मुदत विमा हा बुडालेल्या मिळकतीसाठी आणि अंगावर आलेल्या नव्या खर्चासाठी असतो. मुलाच्या आजारपणाचा खर्च हा आरोग्य विम्याचा विषय आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या गटविम्यात कुटुंबासाठी जो पर्याय आहे, त्यातही जोडीदाराला जास्तीत जास्त २५,००० डॉलर आणि प्रत्येक मुलामागे त्याच्या निम्मेच संरक्षण मिळते. आपल्याकडे मुलांच्या हप्त्याचा पैसा आई-वडिलांचे संरक्षण वाढवण्याकडे वळवला, तर तो मुलांच्याच कामी येईल.

जोडीदाराचा समावेश ऐच्छिक ठेवू नये, असेही मला वाटते. ऐच्छिक ठेवला की ज्यांच्या घरी आजारपण आहे तेच आधी नाव देतात, मग विमा कंपनी आरोग्याची घोषणापत्रे मागते आणि हप्ता चढतो.

नोकरी सुटली की गटविमा सुटतो आणि त्याबरोबर जोडीदाराचाही, ही यातली खरी अडचण आहे. म्हणून जोडीदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना वेगळी चालू ठेवावी. तिच्यात १८ ते ५० या वयात नाव नोंदवता येते.

नामनिर्देशनही या निमित्ताने तपासावे. लग्नाआधी रुजू झालेल्या कित्येकांच्या अर्जावर अजून फक्त वडिलांचे नाव आहे, आणि ते लग्नानंतर आपोआप बदलत नाही. व्यवस्थापनाला द्यायच्या निवेदनात हा मुद्दा मी घातला आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नूतनीकरणाच्या बैठकीआधी कळवावे.