गोधडीची उलट बाजू

क्विल्टच्या, म्हणजे गोधड्यांच्या, प्रदर्शनात पांढरे सुती हातमोजे घातलेले स्वयंसेवक रांगांमधून फिरत असतात, हे मी बरीच वर्षे पाहत आले होते. पण त्यांचे खरे काम काय, हे मला फार उशिरा कळले. प्रेक्षकांनी कापडाला हात लावू नये म्हणून त्यांना उभे केलेले असते, अशी माझी समजूत होती. तिला कारणही तसेच होते. माझ्या पहिल्याच प्रदर्शनात एका निळ्या-पांढऱ्या गोधडीच्या टाक्यांवरून मी नकळत बोट फिरवायला गेले आणि मागून आलेल्या ‘कृपया हात लावू नका’ या मऊ पण ठाम आवाजाने इतकी ओशाळले की पुढचा तासभर दोन्ही हात पाठीमागे बांधून हिंडले. पुढे कधीतरी, अशाच एका दालनात, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर बाईंनी एका स्वयंसेविकेला अगदी सहज विचारले, “जरा मागची बाजू दाखवता का?” तिने हातमोजे नीट ओढून घेतले, खालचा कोपरा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि उलटवला.

पुढून ती गोधडी ताऱ्यांच्या नक्षीची, मोजूनमापून कापलेल्या तुकड्यांची, थोडी जास्तच शहाणी वाटावी अशी होती. मागे मात्र अस्तराला एकच कापड पुरलेले नव्हते, म्हणून मधोमध बदामी फुलांची एक वेगळीच पट्टी जोडलेली होती. एका जागी पांढरा दोरा संपला असावा, कारण तिथून पुढे धावदोरा सायीच्या रंगाचा झाला होता आणि पाच-सहा ओळींनंतर पुन्हा पांढरा. कोपऱ्यात कापडाचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टिपून लावलेला, त्यावर शाईने शिवणारीचे नाव, साल आणि ती कोणासाठी शिवली ते लिहिलेले. म्हणजे जिने हे सगळे केले तिची सही मागे होती आणि मी इतकी वर्षे सह्या न वाचता चित्रे पाहून घरी येत होते.

तेव्हापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते आज जरा सविस्तर मांडते. क्विल्ट म्हणजे तीन थर: वरचे जोडकाम, मधले कापसाचे किंवा लोकरीचे भरण आणि खालचे अस्तर. या तिन्ही थरांना एकत्र धरणारा टाका ही त्याची व्याख्याच आहे. असे असताना त्याचा फक्त वरचा थर दाखवणारे प्रदर्शन अर्धीच वस्तू दाखवते. शिवणकाम करणाऱ्यांच्या मंडळांनी भरवलेल्या साध्या प्रदर्शनांना ही गोष्ट उमगलेली आहे. मोठ्या संग्रहालयांना ती उमगूनही त्यांनी सोडून दिली आहे, असे मला वाटते.

ही सवय कुठून आली याचा माग काढायचा तर 1971 सालापाशी थांबावे लागते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या अमेरिकन क्विल्ट्सचे प्रदर्शन भरले. पलंगावरच्या या पांघरुणांना आधुनिक चित्रकलेच्या संग्रहालयाच्या भिंतीवर अमूर्त चित्रांसारखे टांगले गेले आणि लोक थक्क झाले. निवड करताना लांबून डोळ्यांना काय दिसते हा निकष होता. टाक्यांच्या बारकाईला तिथे दुय्यम स्थान होते. या प्रदर्शनाचे उपकार मी नाकारणार नाही. ज्या कामाला तोवर ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ म्हटले जात होते, त्याकडे कलासमीक्षक मान वर करून पाहू लागले ते तेव्हापासून. पण मान वर करून पाहण्याची किंमतही मोजावी लागली. बहुतेक गोधड्या करणाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती, आणि चित्र म्हणून पाहिल्यावर ती नावे नसल्याचे कोणाला फारसे खटकलेही नाही. काही स्त्रीवादी अभ्यासकांनी तेव्हाच तक्रार केली होती की, पुरुष चित्रकारांच्या कॅनव्हासशी साम्य दिसले म्हणून या वस्तूंना कला म्हणायचे, हा न्याय उलटा आहे. मला ती तक्रार आजही रास्त वाटते.

भिंत वस्तूलाही बदलते. टांगण्यासाठी क्विल्टच्या मागे वरच्या काठाला कापडी नळी शिवतात आणि तिच्यातून दांडा घालतात. पसरलेल्या अवस्थेत ज्याचे वजन सगळीकडे सारखे विभागलेले असते, ते आता वरच्या चार बोटांच्या पट्टीवर लोंबते. जुन्या गोधडीच्या शिवणी त्यामुळे हळूहळू ओढल्या जातात. टांगून बराच काळ झाला असेल तर खालचा काठ किंचित लहरलेला दिसतो. सपाट पाहायची वस्तू उभी केली की असे व्हायचेच.

याच्या अगदी उलटा अनुभव देणारे एक प्रदर्शन इतिहासात होऊन गेले आहे आणि मला ते प्रत्यक्ष पाहता आले नाही याची हळहळ वाटते. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मोकळ्या मैदानावर एड्सने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ केलेली गोधडी पहिल्यांदा अंथरली गेली. तिच्यात 1,920 कापडी फलक होते. प्रत्येक फलक 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. स्वयंसेवकांनी घड्या उलगडल्या, मधल्या वाटांवरून लोक चालत राहिले आणि मृतांची नावे मोठ्याने वाचली गेली. तिथे कोणालाही मान वर करावी लागली नाही. ज्याला पाहायचे होते त्याला खाली बघावे लागले, बहुतेकांना वाकावेही लागले. छायाचित्रांमध्ये माणसे गुडघ्यांवर बसून कापडाच्या कडेला हात टेकवताना दिसतात. कापड ज्या उंचीवर जगते, त्या उंचीवर ते दाखवले की पाहणाऱ्याचे शरीरही वेगळे वागते.

2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या स्त्रियांच्या गोधड्या मांडल्या गेल्या आणि तिथून त्या व्हिटनीला पोहोचल्या. तीस वर्षांत एक मोठा फरक पडला होता: या वेळी शिवणाऱ्यांची नावे, कुटुंबे, घरे सगळे सोबत आले होते. मिझूरी पेटवे यांनी 1942 साली नवरा गेल्यावर त्याचे कामावरचे कपडे उसवून गोधडी शिवली, तिच्याखाली त्याची आठवण पांघरून झोपता यावे म्हणून. कापडे फाडून देण्याच्या कामी हाताशी होती ती मुलगी अर्लोन्झिया. हे सगळे तिनेच पुढे सांगून ठेवले. इतके कळल्यावर त्या विटक्या निळ्या-करड्या पट्ट्यांकडे रंगसंगती म्हणून पाहणे मला तरी शक्य होत नाही. विजारीच्या गुडघ्यापाशी कापड झिजलेले असते, आणि शिवणाऱ्या हातांना ती जागा ठाऊक असते. (इथे कोणीतरी म्हणेल की कलाकृती कलाकृतीच्या बळावर उभी राहिली पाहिजे. राहतेच की. पण ती पांघरूनही झोपता येते, हे विसरायचे कशाला?)

संग्रहालयांची अडचण मला समजत नाही असे नाही. उजेड हा कापडाचा शत्रू आहे. त्याने होणारी हानी साठत जाते आणि ती उलटवता येत नाही, म्हणून वस्त्रांच्या दालनात साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचे माप) इतकाच मंद प्रकाश ठेवतात. डोळे सरावायला दोन-चार मिनिटे लागतात आणि घाईतला माणूस ‘किती अंधार आहे’ म्हणून पुढे निघून जातो. एकोणिसाव्या शतकातल्या क्विल्टमध्ये तपकिरी छापाचे कापड जिथे होते नेमक्या तिथेच भोक पडून आतला कापूस डोकावताना दिसतो, याचे कारण तो रंग पक्का करायला वापरलेले लोखंडाचे क्षार. त्यांनी सूत आतून खाल्लेले असते. त्याच शतकाच्या अखेरीस वजन वाढवण्यासाठी धातूंच्या क्षारात बुडवलेले रेशीम शेजारच्या मखमलीला काहीही झालेले नसताना उभ्या चिरांनी फाटत जाते. अशा वस्तूंचा कोपरा रोज पन्नास जणांसाठी उचलून दाखवा, असे मी म्हणणार नाही. कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात असलेली, 1841 साली ‘राजा’ नावाच्या जहाजावरून टास्मानियाला नेल्या जाणाऱ्या कैदी स्त्रियांनी शिवलेली गोधडी इतकी नाजूक आहे की ती क्वचितच बाहेर काढतात. ते योग्यच आहे.

पण काचेच्या पेटीखाली तिरपा आरसा ठेवता येतो, दोन्ही बाजूंनी फिरता येईल अशी चौकट उभारता येते, आणि यातले काहीच जमत नसेल तर मागच्या बाजूचे एक मोठे छायाचित्र शेजारी लावायला कोणती हरकत आहे? मागच्या बाजूला किती माहिती असते याचे उदाहरण म्हणून फ्रान्समधल्या बायू गावचे, ‘बायू टॅपेस्ट्री’ म्हणून ओळखले जाणारे सुमारे 70 मीटर लांबीचे भरतकाम आठवावे. टॅपेस्ट्री म्हणजे मागावर विणलेले चित्र; नावात ती असली तरी हे मागावर विणलेले नाही. लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेले आहे. 1982-83 च्या हिवाळ्यात त्याचे अस्तर काढून मागची बाजू तपासली, तेव्हा नंतरच्या डागडुजीचे टाके मूळ टाक्यांपासून कसे वेगळे ओळखू येतात ते तिथे नीट दिसले. इंग्लंडमधल्या 1718 सालच्या रेशमी पलंगपोसाचेही असेच. कागदाचे तुकडे आकारात कापून त्यांवर कापड दुमडून तो शिवलेला आहे आणि ते कागद आजही आत आहेत. अशा कामात लोक हाताशी असेल तो रद्दी कागद वापरत: पत्रे, हिशेब, वह्यांची पाने. अस्तर नसलेल्या जोडकामाच्या मागून त्यावरचे अक्षर वाचता येते आणि कित्येकदा त्यावरूनच वस्तूचा काळ ठरतो.

वस्त्रकलेच्या आधुनिक प्रदर्शनांनी हा प्रश्न एका फटक्यात सोडवला आहे, हे कबूल केले पाहिजे. पोलंडच्या मॅग्डालेना अबाकानोविच यांनी 1960 च्या दशकात सायसलच्या, म्हणजे घायपाताच्या, दोऱ्यांतून विणलेले प्रचंड आकार छतापासून अधांतरी टांगले. त्यांना पुढ-मागच नाही. माणूस त्यांच्याभोवती फिरतो, त्यांच्या फटींतून आत पाहतो. अशा दालनात मला कधीच अर्धवट काही पाहिल्याची रुखरुख लागली नाही.

मंडळांच्या प्रदर्शनांवर मात्र माझा एक राग आहे. तिथे बक्षिसाच्या फिती पाहून गर्दी ठरते. फीत लावलेल्या क्विल्टसमोर मोबाइल उंचावलेले, आणि शेजारच्या, हाताने वर्ष-दीड वर्ष टाके घातलेल्या गोधडीसमोर कोणी नाही. गोधडीचे थर टाक्यांनी जोडणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या लाँगआर्म मशीनच्या कामाला माझा विरोध नाही; तेही कौशल्यच आहे आणि ज्यांना हातदुखीमुळे सुई धरवत नाही त्यांच्यासाठी तर ते वरदान आहे. जोडकाम कोणी केले आणि टाके कोणी घातले हे पाटीवर वेगवेगळे लिहिण्याची काही ठिकाणची पद्धत मात्र सगळ्यांनी उचलावी. आणि फोटो काढून लगेच पुढे सरकणाऱ्यांनी निदान एका गोधडीपाशी हातमोजेवाल्या स्वयंसेवकाला बोलवावे, एवढी माझी विनंती आहे. आजवर मला कोणी नकार दिलेला नाही. उलट, बहुतेकांचा चेहरा खुलतो, कारण दिवसभर लोक त्यांना फक्त प्रसाधनगृह कुठे आहे तेवढेच विचारत असतात.

हे लिहिताना मला सारखी हॅरिएट पॉवर्स यांची आठवण येते आहे. गुलामीत जन्मलेल्या या बाईंनी बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी केली आणि ती 1886 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या एका कापूसमेळाव्यात मांडली. जेनी स्मिथ या चित्रकार शिक्षिकेने ती तिथे पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी परिस्थिती ओढग्रस्तीची झाल्यावर त्या स्वतःच ती घेऊन आल्या, स्वच्छ पिठाच्या पोत्यात गुंडाळून, वर आणखी एक पोते घालून. मागितले 10 डॉलर, मिळाले 5. जाण्याआधी त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेल्या त्या गोधडीतल्या आकृत्या आपल्याला वाचता येतात त्या या टिपणामुळे. स्मिथबाईंनी आणखीही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: विकल्यानंतरही पॉवर्स आपली गोधडी पाहायला अनेकदा येत राहिल्या, आणि ती गेल्याचे दुःख त्यांना थोडे तरी सोसवले ते स्मिथबाईंनी घरातल्या सगळ्या चिंध्या त्यांच्यासाठी जपून ठेवायचे कबूल केले तेव्हा.