ती गाठ सोलून निघत नाही

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, मग कळव्याहून माझ्या वहिनीनेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘मनगटावर किंवा तळहातावर मऊ गाठ दिसली तर ती चरबीची गाठ. तेलकट खाण्याने होते. पुढे तिचा कॅन्सर होतो. सुई घालून तपासा आणि लगेच काढून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन नको असेल तर गरम तेलाने रोज चोळा, विरघळते.’

पाठवणाऱ्या कुणाच्या मनात वाईट नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्या दहा वर्षांच्या लेकीच्या उजव्या मनगटात अशीच मऊ गाठ आहे आणि या मेसेजमधलं एकही वाक्य तिला लागू पडत नाही.

आधी ‘लगेच काढून टाका’ हे घेते, कारण खरं नुकसान इथे होतं.

साधी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, बहुतेक वेळा स्वतःच्या पातळ आवरणात असते. चिरा दिला की शेंगेतून मटार निसटावा तशी ती बाहेर येते. लेकीची गाठ त्या जातीची नाही. तिचं नाव लिपोमॅटोसिस ऑफ नर्व्ह. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या वर्गीकरणात हे नाव आहे. पुष्कळ रिपोर्टांत अजून फायब्रोलिपोमॅटस हॅमार्टोमा असंच लिहितात. आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो, म्हणून स्पष्ट सांगते: इथे नस म्हणजे मज्जातंतू. या आजारात चरबी आणि तंतुमय ऊती नसेच्या शेजारी बसत नाहीत. त्या नसेच्या आवरणात शिरतात आणि आतल्या धाग्यांच्या जुडग्यांभोवती वाढत राहतात.

एमआरआयची फिल्म आणली त्या संध्याकाळी मी ती गॅलरीच्या काचेला लावून बघितली. पांढऱ्याशुभ्र चरबीतून काळे बारीक धागे लांबलचक गेलेले. थिजलेल्या तुपात शेवया अडकाव्यात, तसं दिसत होतं. त्यातली एकही शेवई न तोडता तूप तेवढं खरवडून काढता येईल का? निष्णात सर्जनसुद्धा या गाठीची सगळी चरबी काढायला जात नाहीत ते यामुळेच. गाठ काढायची म्हणजे नस कापायची.

आणि ती नस कुठली? ही गाठ बहुतेक वेळा मीडियन नर्व्हमध्येच होते, मनगट आणि तळहाताच्या भागात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, यांची स्पर्शाची जाण या नसेकडे. अंगठा इतर बोटांसमोर आणून टेकवण्याची ताकदही मुख्यतः तिचीच. गणपतीत लेक माझ्याशेजारी पाटावर बसून मोदकाला कळ्या पाडते. पारी किती पातळ झाली हे तिला बोटांच्या टोकांनाच कळतं, आणि कळी चिमटली जाते ती अंगठा आणि त्या दोन बोटांमध्ये. पंधरा मिनिटांत हेच सगळं गेलं असतं.

गेलंच असतं, असं मी म्हणते कारण ती पाच वर्षांची असताना एका दवाखान्यात तारीख ठरली होती. साधी सोनोग्राफीही झाली नव्हती. चरबीची गाठ आहे, काढू, एवढंच बोलणं. भुलेआधीच्या तपासणीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. उजव्या हाताचं मधलं बोट डाव्यापेक्षा जाड होतं, किंचित लांबही. आम्ही ते रोज बघत होतो आणि ‘जन्मापासून तसंच आहे’ म्हणून सोडून देत होतो. मनगटात मऊ गाठ आणि त्याच हाताचं एखादं बोट मोठं, ही जोडी या आजारात बऱ्याच मुलांमध्ये दिसते. त्यांनी तिथेच सांगितलं, आधी एमआरआय, तोवर कुणालाही हात लावू देऊ नका. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

‘पुढे कॅन्सर होतो.’ नाही. ही गाठ निरुपद्रवी जातीची आहे, तिचा कॅन्सर होत नाही. ती मुलाबरोबर हळूहळू वाढते, आणि वाढते म्हणूनच आईबापांचा जीव उडतो, हे मी भोगलं आहे. तिचा त्रास दाबण्याचा असतो. मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांमध्ये अरुंद बोगदा आहे; जाड झालेली नस त्यात चेंगरते. लेक आठ वर्षांची झाली तेव्हा रात्री उठून हात झटकायला लागली. ‘आई, हात झोपलाय, उठतच नाही,’ म्हणायची. तेव्हा ऑपरेशन केलं, पण ते बोगद्याचं छप्पर मोकळं करण्याचं: तो पट्टा कापला, नसेला जागा दिली. गाठ होती तिथेच आहे. मुंग्या थांबल्या.

‘सुई घालून तपासा.’ शरीरातल्या कितीतरी गाठींसाठी सुईची तपासणी योग्यच असते, तिच्याविरुद्ध मी बोलत नाही. पण या गाठीचं एमआरआयमधलं चित्र इतकं ठळक असतं की निदानाला सहसा तुकडा काढावा लागत नाही. सुई जाणार ती थेट नसेतच. मग ती कशासाठी घालायची?

‘तेलकट खाण्याने होते.’ हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. सासरी-माहेरी दोन्हीकडे मला विचारून झालं होतं, पोटात असताना काय खाल्लंस, हिला वडे किती देतेस. खाण्याचा याच्याशी संबंध नाही. गाठ बहुधा जन्मतः असते किंवा लहानपणी, तरुणपणी लक्षात येते. अशा अनेक रुग्णांच्या गाठीतल्या पेशींमध्ये पीआयके३सीए नावाच्या जनुकात बदल सापडला आहे. तो बदल गर्भ वाढत असताना शरीराच्या तेवढ्याच भागात होतो. आईकडून किंवा बापाकडून आलेला नसतो. ज्या आईने तो मेसेज वाचून स्वतःला बोल लावला असेल तिने हे दोनदा वाचावं.

‘गरम तेलाने चोळा.’ नसेच्या आतली चरबी चोळून विरघळत नाही. आधीच चेंगरलेल्या नसेवर आपण आणखी दाब देतो, एवढंच होतं. शिवाय बोटं बधिर झालेली असतील तर तेल किती तापलंय हे मुलाला कळत नाही आणि कातडी भाजते. शेकाच्या पिशवीचंही तेच.

मनगटावरची प्रत्येक गाठ ही अशीच असते असंही नाही. हा आजार दुर्मीळच आहे, पाण्याची गाठ म्हणजे गँगलियन त्याहून कितीतरी जास्त दिसते. म्हणून सोनोग्राफी आधी, आणि चिऱ्याला होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा: गाठ नसेच्या बाजूला आहे की नसेत? उत्तर ‘नसेत’ असेल तर हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवा. बोट फार वेगाने वाढत असेल तर त्यासाठी हाडाची वाढ रोखण्याचे वेगळे उपाय आहेत, तेही तेच सांगतील.

काहीच त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. मात्र मूल रात्री हात झटकत उठायला लागलं, पेन्सिल हातातून सुटायला लागली, शर्टाचं बटण लावायला डावा हात पुढे यायला लागला, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसला, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.