डास मरत नाहीत म्हणून मच्छरदाणी काढू नका

"औषधाच्या मच्छरदाणीवर डास बसतो आणि खुशाल उडून जातो, मग ती लावायची कशाला?" हा प्रश्न सारखा विचारला जातो. पाहिलेलं खोटं नाही, पण त्यावरून मच्छरदाणी घडी घालून ठेवणं घातक आहे.

या जाळ्यांवर पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं: डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन किंवा अल्फा-सायपरमेथ्रिन. ते डासाच्या मज्जातंतूंतल्या सोडियम वाहिन्या, म्हणजे संदेशासाठी उघडझाप करणारी सूक्ष्म दारं, बंद होऊ देत नाही, डास लुळा पडतो. हिवतापाच्या ॲनाफिलीस डासांनी यावर दोन तोडगे काढले. काहींच्या वाहिनीची घडणच बदलली, तिथे औषध नीट चिकटत नाही. काहींच्या अंगात पी-४५० गटातली विकरं (विष मोडून टाकणारी एन्झाइम्स) इतकी वाढली की औषधाचा आधीच फडशा पडतो. पिकांवरच्या फवारणीनेही असेच डास मागे उरतात. आणि मच्छरदाणी सोडून कॉइल लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, कॉइलमध्येही बहुधा याच गटातलं औषध असतं.

आता खरा मुद्दा भोकाचा. डास औषधाला बळी पडत होता तोवर फाटकी जाळीही बरंच काम करायची, कारण वाट शोधत जाळीवर फिरतानाच तो मरायचा. प्रतिकारक डासाला तेवढा वेळ मिळतो आणि तो आत शिरतो. म्हणून आज शिवणकाम पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं आहे. भोकं बहुतेक खालच्या भागात पडतात, जिथे कापड पलंगाच्या कडेला, खिळ्याला अडकतं. अंगठा जाईल एवढं भोक दिसलं की त्याच दिवशी टाके घाला, मोठ्याला जुन्या जाळीचं ठिगळ लावा. कडा गादीखाली खोचा. हातपाय जाळीला टेकू देऊ नका, डास बाहेरूनच चावतो.

दुसरी चूक धुण्यातली. टिकाऊ औषधी मच्छरदाणी २० धुण्यांपर्यंत आणि सुमारे ३ वर्षं टिकावी असा निकष आहे. दर आठवड्याला धुतली तर २० धुणी पाच महिन्यांतच संपतात! तीन महिन्यांतून एकदा पुरे: गार पाणी, साधा साबण, हलक्या हाताने. ब्लीच आणि ब्रश नको. वाळवायची सावलीत, उन्हाने औषध उतरतं. धुतलेलं पाणी नदी-तळ्यात कधीही सोडू नका, मासे मरतात. नवी जाळी वापरण्याआधी एक दिवस सावलीत पसरून ठेवा, त्वचेची चुरचुर होत नाही.

ढेकूण मरेनात म्हणून मच्छरदाणी काढणारेही पुष्कळ आहेत. ढेकूण या औषधाला कधीचे सरावले आहेत, त्यांच्यावरून हिवतापाच्या डासाची परीक्षा होत नाही.

पर्याय आले आहेत. पीबीओ (पायपेरोनिल ब्युटॉक्साइड) मिसळलेल्या जाळीत तो घटक त्या पी-४५० विकरांना रोखतो. क्लोरफेनापिर या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकाची करामत आणखी वेगळी: त्याच विकरांमुळे ते डासाच्या अंगात जहाल होतं, पण डास लगेच पडत नाही, एक-दोन दिवसांनी मरतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पायरेथ्रॉइडला प्रतिकार दिसणाऱ्या भागांत पायरेथ्रॉइड आणि क्लोरफेनापिर अशा जोड-औषधी जाळीची ठाम शिफारस केली. अशी जाळी हाती आली तर सकाळी खाली मेलेले डास मोजू नका.