मालिश दुखली म्हणजे लागू पडली, असं नाही

कुंडलसारख्या कुस्ती मैदानांचे दिवस आले की सांगलीकडच्या मोबाइलवर पैलवानी मालिशीचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. डोळ्यांत पाणी येईल इतकं रगडलं तरच गुण येतो, मालिशीनं लॅक्टिक ॲसिड आणि अंगातलं विष बाहेर पडतं, मुका मार किंवा सूज चोळूनच काढावी, आणि गुडघ्यात तेल जिरवलं की वंगण भरून येतं. मालिशीचा गुण खरा आहे, पण तो यातल्या एकाही कारणानं येत नाही. तिसरा सल्ला तर जिवावर बेतू शकतो.

आधी लॅक्टिक ॲसिड. बैठका मारताना मांडीत आग होते तेव्हा रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच रूप, वाढलेलं असतं, हे बरोबर. पण तासाभरात शरीरच ते वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्या स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि बेताच्या दाबाच्या मालिशीनं थोडं हलकं होतं. विष काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडाचं आहे.

आता रगडण्याचं. दाब सोसवेनासा झाला की स्नायू बचावासाठी आणखी आखडतो. ‘हां, इथंच’ म्हणवणारं दुखणं चालतं. श्वास रोखला गेला, पायाची बोटं वळली, खांदा कानाकडे सरकला, की दाब जास्त झाला. फार रगडल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली तर तडक दवाखाना गाठावा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात.

तासगाव-पलूसकडे द्राक्षाच्या विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, बायका दिवसभर मांडवाखाली हात वर धरून असतात. त्यांच्या आखडलेल्या खांद्यांना जोर नाही, सावकाश हात लागतो. खुर्चीत बसवून कपाळ समोरच्या उशीवर टेकवावं. दोन चहाचे चमचे कोमट तेल पुरतं. पहिली दोन-तीन मिनिटं तळहात मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत नुसता फिरवावा. मग अंगठा आणि चार बोटांत खांद्याचं मांस उचलून कणीक मळावी तसं पाच मिनिटं मळावं. गाठ लागली तर तिच्यावर अंगठा २०-३० सेकंद स्थिर ठेवावा. ढिली झाली तर ठीक, नाहीतर पुढं जावं. तिथंच खणत बसलं की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. मणक्याच्या हाडावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब नको, मान कडकन मोडणं तर नकोच. संथ स्पर्शानं श्वास लांबतो, मनाचा ताण उतरतो, झोप लवकर लागते. हा फायदा छोटा समजू नये. मात्र तो काही दिवसच टिकतो. हात खाली घेऊन खांदे फिरवण्याची सुट्टी कामातच मिळायला हवी.

मुका मार. मांडीवर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बसला की आत रक्त साकळतं. पहिले दोन-तीन दिवस तिथं मालिश नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, वर पट्टी, आणि आराम. लगेच रगडलं तर रक्तस्राव वाढतो. कधीकधी त्या स्नायूत चक्क हाड तयार होतं. काही आठवड्यांनी दगडासारखी गाठ हाताला लागते आणि गुडघा पूर्ण वाकेनासा होतो.

याहून धोक्याची सूज वेगळीच. मिरजेला ऑपरेशन करून घरी आलेल्या किंवा प्लास्टरमध्ये पडून असलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर तिला हात लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराची मालिश टाळावी.

राहिला गुडघा. सांध्यातलं वंगण सांध्याच्या आतलं अस्तर तयार करतं. कातडीवरचं तेल तिथवर पोचत नाही, ते हात सरकावा म्हणून असतं. गुडघ्यावरच्या मांडीचे स्नायू मोकळे केले तर चालताना बरं वाटतं, तेवढं जरूर करावं. पण मधुमेहानं ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना चटका कळत नाही. त्यांच्या पायाला लावायचं तेल आधी मालिश करणाऱ्यानं स्वतःच्या मनगटावर टाकून पाहावं.