चंद्र फोडणाऱ्या म्हाताऱ्याचं करायचं काय?

दिवाळीत दादाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. फराळ झाला, मोठी माणसं आडवी झाली आणि हॉलमधे फरशीवर बसून माझा नववीतला भाचा आणि त्याचा शेजारचा मित्र इतक्या तावातावाने भांडत होते की वहिनी दोनदा बाहेर येऊन ओरडून गेली. विषय होता ड्रॅगन बॉल या जपानी कॉमिक-कार्टूनमधला कामेसेन्निन, म्हणजे मास्टर रोशी, तो टक्कल पडलेला पाठीवर कासवाचं कवच घेऊन फिरणारा म्हातारा. भाचा म्हणत होता, त्याने एका कामेहामेहात (हातातून सोडलेल्या ऊर्जेच्या झोतात) चंद्र उडवलाय ना, मग तो मून लेव्हल, विषय संपला. मित्र म्हणत होता, अरे त्याची पॉवर लेव्हल १३९ आहे, बुल्माने मोजलीय, आणि तो परग्रहावरचा नॅपा त्याच्यापेक्षा कितीतरी वरचा असून त्याने दोन बोटं वर करून फक्त एक शहर उडवलं, मग तुझा रोशी नॅपापेक्षा भारी का? शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "आत्या तू सांग, तू फिजिक्स शिकवतेस ना."

दादा सोफ्यावरून म्हणाला, काय येडेपणा लावलाय, कार्टून आहे ते. मला त्याचं वाईट वाटलं, कारण शाळेतून आल्यावर दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी लावणारे आम्ही दोघंच होतो आणि एक एपिसोड चुकला तर हाच दादा जेवायचा नाही. मी त्या पोरांबरोबर खाली बसले, दोन तास बसले, आणि तिथे जे धड सांगता आलं नाही ते आज इथे लिहितेय. मोठी आहे पोस्ट, सावकाश वाचा.

आधी एक सांगते, मला हे मोजणं मनापासून आवडतं. पॉवर स्केलिंगला, म्हणजे पात्रांची ताकद अशी मोजून लावण्याला, रिकामटेकडा उद्योग म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पोरांची वही बघावी. चंद्र फोडायला किती ऊर्जा लागते हे त्या दोघांना माहीत होतं! चंद्राचे तुकडे करून ते परत एकमेकांकडे ओढले जाणार नाहीत इतके लांब फेकायचे, तर जी ऊर्जा लागते तिला ग्रॅव्हिटेशनल बाइंडिंग एनर्जी म्हणतात आणि चंद्राची ती साधारण १.२४ गुणिले १० चा २९ वा घात इतके जूल येते. आजवरचा सगळ्यात मोठा अणुस्फोट म्हणजे १९६१ चा सोव्हिएत झार बॉम्बा, ५० मेगाटनचा, तसे जवळपास ६० हजार कोटी बॉम्ब एकदम फुटले तर हा आकडा गाठता येतो. पृथ्वीसाठी हाच आकडा चंद्राच्या १८०० पट. अख्खा सूर्य सगळ्या दिशांना जेवढी ऊर्जा फेकतो ती जवळपास आठवडाभर साठवली तर पृथ्वी पूर्ण विखरेल. मी वर्गात बोर्डावर हे लिहिलं असतं तर निम्मी मुलं पेंगली असती, आणि इथे एक नववीतला पोरगा सुट्टीत, कुणी सांगितलेलं नसताना, घात मोजत बसलाय. त्याला येडेपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण मग मी त्यांना म्हटलं, वही दाखव, हे दुसरं कॅल्क, म्हणजे चित्रावरून ताकदीचं गणित, कसं केलंस ते बघू.

भाच्याने एका मंगाचं (जपानी कॉमिकचं) पान प्रिंट काढून वहीत चिकटवलं होतं. स्फोटात टेकडी उडतेय आणि समोर एक पात्र उभं. त्याने पट्टी लावून पात्राची उंची मोजली, ४ मिलीमीटर. स्फोटाची रुंदी ११ सेंटीमीटर. पात्र पावणेदोन मीटरचं धरलं की स्फोट झाला ४८ मीटरचा, मग घनफळ, मग ऊर्जा, मग टियर (ताकदीची पायरी). पद्धत अगदी बरोबर. मी फक्त पट्टी परत लावली. केसांचं टोक धरलं तर पात्र साडेचार मिलीमीटरचं. मग स्फोट झाला ४३ मीटरचा. पाच मीटरने काय होतंय असं वाटतं, पण घनफळात तो फरक तिसरा घात होऊन येतो आणि आधीचं उत्तर नंतरच्या उत्तराच्या सव्वा-दीड पट होऊन बसतं, तेही अर्ध्या मिलीमीटरमुळे, म्हणजे शाईच्या रेघेच्या जाडीएवढ्या गोष्टीमुळे. आणि पात्र टेकडीच्या जवळ उभं आहे की आपल्या जवळ, हे चित्रात कुठे सांगितलंय? पात्र पुढे आणि टेकडी लांब मागे असेल तर सगळं गणितच बदललं.

पुढचा घोळ खडकाचा. खडक नुसता फुटला असं धरलं तर पॉवर स्केलिंगवाले एका घन सेंटीमीटरला ८ जूल धरतात, भुगा झाला असं धरलं तर २१४. म्हणजे त्याच खड्ड्याची ऊर्जा सत्तावीस पट इकडची तिकडे, फक्त तुम्ही धुळीकडे बघून काय ठरवलंत त्यावर. आवडता हिरो असला की धूळ दिसते, नावडता असला की दगड दिसतात. हे मी स्वतः केलेलं आहे, ड्रॅगन बॉलचा नायक गोकू, त्याच्यासाठी केलेलं आहे, आणि आता मला ते चुकीचं वाटतं.

चित्रावरून स्फोट मोजता येत नाही असं नाही हां. १९४५ ला अमेरिकेत ट्रिनिटीचा पहिला अणुस्फोट झाला, त्याचे फोटो नंतर खुले झाले, आणि जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नुसत्या त्या फोटोंवरून बॉम्बची ताकद काढून १९५० मधे छापली. मी हे बारावीच्या मुलांना करून दाखवते. फोटोच्या खाली १०० मीटरची पट्टी आहे आणि वेळ लिहिलीय ०.०२५ सेकंद. तेवढ्या वेळात आगीचा गोळा साधारण १४० मीटर त्रिज्येचा झालाय. त्रिज्येचा पाचवा घात, गुणिले हवेची घनता, भागिले वेळेचा वर्ग, झालं, उत्तर २५ किलोटनच्या आसपास येतं आणि अलीकडच्या फेरतपासणीत २४.८ च निघालंय. दरवेळी हे उत्तर आलं की माझ्या अंगावर काटा येतो. पण बघा ना, त्या फोटोत पट्टी होती आणि घड्याळ होतं, कॅमेऱ्यासमोर जे घडलं तेच उमटलेलं. मंगाच्या पानावर पट्टी नाही, घड्याळ नाही, आणि चित्रकाराने स्फोट आपल्या छातीत धस्स व्हावं म्हणून काढलेला असतो, मग तो मागच्या पानापेक्षा मोठाच निघणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच की कॅल्क करा, जरूर करा, पण एक आकडा देऊ नका, पल्ला द्या. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, आणि मी हे हे गृहीत धरलंय. हायबॉल (जास्तीत जास्त अंदाज) आणि लोबॉल (कमीत कमी अंदाज) दोन्ही एकाच माणसाने लिहायचं, भांडणाऱ्या दोघांनी वाटून घ्यायचं नाही.

आता रोशी आणि नॅपा. इथे लोक म्हणतात की अटॅक पोटेन्सी (हल्ल्यातली मूळ ताकद) वेगळी आणि किती भाग उद्ध्वस्त झाला ते वेगळं, नॅपाची ताकद ग्रह फोडायची असेल पण तो ती आवरून वापरतो. यात तथ्य आहे. तोच जोर तळव्याने दिला तर भिंतीला काही होत नाही आणि खिळ्याच्या टोकावर दिला तर खिळा आत जातो. ड्रॅगन बॉलमधे कीवर, म्हणजे अंगातल्या ऊर्जेवर, ताबा ठेवणं, ती दाबणं, एकवटणं हे पानोपानी दाखवलंय, त्यामुळे तिथे हे मान्य करते. खलनायक फ्रीझाने नामेक ग्रहाचा गाभा फोडला तेव्हासुद्धा स्फोटात आपण सापडू या भीतीने हात आखडता घेतला असं गोष्टीतच येतं, म्हणून तर ग्रह फुटण्याआधी ती 'पाच मिनिटं' मिळाली. पण ज्या गोष्टीत असलं काहीच दाखवलेलं नाही तिथे प्रत्येक पात्र ग्रह फोडू शकतं, फक्त फोडत नाही, असं म्हणायला लागलो तर मग काय दाखवलं म्हणजे तुम्ही चुकीचे ठराल? काहीच नाही. ते मला पटत नाही.

त्याहून जास्त खटकते ती साखळी. रोशीने चंद्र फोडला, पिकोलो रोशीपेक्षा भारी, रॅडिट्झ पिकोलोपेक्षा भारी, म्हणून रॅडिट्झ चंद्राच्या कितीतरी वर, आणि असं करत करत लोक विश्वाच्या बाहेर पोचतात. यात आपण गुपचूप धरून चालतो की माणसाची सगळी ताकद एकाच आकड्यात मावते. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्ड्स खेळलेल्या कुणालाही हे कळायला पाहिजे! दादाकडे भारी रँकवाली कार्ड्स असायची आणि मी चेस्ट बोलून, बायसेप्स बोलून त्याची गड्डीच्या गड्डी ओढलेली आहे. एकाच कार्डावर बरेच रकाने होते कारण एका रकान्यात पैलवान बसत नाही.

आणि स्वतः ड्रॅगन बॉलच बघा. ती गोष्ट लिहिणाऱ्या-काढणाऱ्या अकिरा तोरियामांनी रॅडिट्झच्या डोळ्यावर स्काऊटर (समोरच्याची ताकद आकड्यात मोजणारं यंत्र) चढवला आणि आपल्या हातात आकडे दिले. शेतकरी ५. गोकू ३३४, जड कपडे उतरवल्यावर ४१६. तोच गोकू कामेहामेहा जमवायला लागला की ९२४. आणि त्याचा चार वर्षांचा मुलगा गोहान, रडून रडून डोळे सुजलेला, बापाला मार खाताना बघून चिडला की १३०७! रॅडिट्झला वाटतं यंत्र बिघडलं. ते पान मी आजही काढून बघते. चौकोनात तो एवढासा पोरगा झेपावतोय आणि ज्याच्याकडे मोजायचं यंत्र आहे तोच माणूस तयारीत नाहीये. पुढे नामेकवरसुद्धा आकड्यावर भरवसा ठेवणारे मार खातात आणि की दाबून ठेवता येणारे, डोळे मिटून समोरच्याचा अंदाज घेणारे तगतात. आम्ही फॅन लोकांनी त्या गोष्टीतून नेमका स्काऊटर उचलला.

आजोबा महाभारत सांगायचे त्यातला एक प्रसंग मला या भांडणात हमखास आठवतो. उद्योगपर्वात युद्धाच्या आधी दुर्योधन भीष्मांना विचारतो की दोन्ही बाजूंना कोण कुठल्या तोडीचा ते सांगा, आणि भीष्म एकेकाचं नाव घेऊन सांगत जातात, हा रथी, हा महारथी, हा अतिरथी. सरळ सरळ टियर लिस्ट. आणि कर्णाचं नाव आल्यावर म्हणतात, अर्धरथी. भर सभेत. कवचकुंडलं गेली, परशुरामांचा शाप आहे, बेसावध असतो, ही कारणं देतात, द्रोण मान डोलावतात, आणि कर्ण इतका पेटतो की भीष्म जिवंत असेपर्यंत शस्त्र हातात घेणार नाही म्हणतो. दहा दिवस कौरव कर्णाशिवाय लढले. आजोबा इथे थांबून पानाला चुना लावायचे, आम्ही ओरडायचो पुढे सांगा, पुढे सांगा.

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे महारथी कुणाला म्हणायचं, तर दहा हजार धनुर्धरांशी एकटा लढेल त्याला. डोंगर किती फोडला, शहर किती जाळलं हे मापच नाही, माप समोरच्या माणसांचं आहे. आणि दुसरं, भीष्म कर्णाला खाली टाकताना त्याचा बाण किती लांब जातो हे काढतच नाहीत. त्याच्याकडचं काय गेलं, त्याच्यावर काय ओझं आहे, तो ऐनवेळी कसा वागेल, हे काढतात. तुम्ही भीष्मांशी सहमत नसाल, मीही नाही, कर्णावर अन्यायच झालाय असं मला लहानपणापासून वाटतं. पण मोजताना काय काय बघायचं याची ती यादी मला आजच्या कितीतरी टियर लिस्टपेक्षा भरलेली वाटते.

वन पीस या मंगात व्हाईटबीअर्ड या चाच्यांच्या सरदाराबद्दल सांगतात की या माणसात जग नष्ट करायची ताकद आहे. मग त्याला प्लॅनेट लेव्हल लिहायचं का? मी मरीनफोर्डची लढाई वाचते तेव्हा मला एक आजारी म्हातारा दिसतो, मुलांसाठी आलेला, छातीत आपल्याच माणसाची तलवार खुपसून घेतलेला, आणि तरी समोरचे लाखभर सैनिक त्याला बिचकतायत. त्याची ताकद लिहायची तर हे सगळं लिहावं लागेल. आजारपण वजा करून फक्त त्याने घडवलेले भूकंप मोजलात तर तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी मोजताय.

तर त्या दिवशी मी पोरांना निकाल दिलाच नाही. म्हटलं दोघांनी मिळून एक पान लिहा. रोशीने चंद्र कधी उडवला, कशासाठी उडवला (महाकाय वानर झालेल्या गोकूला थांबवायला, दुसरा इलाज नव्हता म्हणून), त्यानंतर त्याची काय अवस्था झाली, परत कधी तसं केलं का, हे आधी लिहा आणि आकडा शेवटी. भाचा कुरकुरला, मित्राने लगेच वही ओढून घेतली. रात्री जेवताना दादा हळूच म्हणाला, "अगं पण पिकोलोने पण उडवला होता ना चंद्र नंतर?" आणि पुढचा अर्धा तास तोच बोलत होता.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, खाली दोन आकडे, वरचा आणि खालचा, मधे 'गृहीत' असं लिहून चार ओळी. आणि त्याखाली नवीन प्रश्न: "आत्या, डेथ नोटमधला लाईट तर एक भिंतपण फोडू शकत नाही. पण त्याने फ्रीझाचं नाव लिहिलं तर?"

डेथ नोट म्हणजे जिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही. तिच्या पहिल्याच नियमात 'ज्या माणसाचं नाव लिहिलं जाईल' असं आहे आणि फ्रीझा माणूस नाही. पण गोकूसुद्धा नाही, तोही परग्रहावरचा, आणि गोहान अर्धा आहे. सकाळपासून दोनदा उत्तर टाईप करून खोडलंय.